विशेष शिक्षकाचा दाखला कशाचा असतो?

१. तीन घरांतले तीन प्रश्न

मुलगी बी.ए., बी.एड. आहे, लहान मुलांत रमते, आवाज कधी चढवत नाही. मग गावातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत जागा निघाली तेव्हा तिचा अर्ज छाननीतच का बाद झाला? पालकांचा हा नेहमीचा प्रश्न. शेजारच्या घरात त्याच्या उलट चौकशी चालू असते: मुलाने विशेष शिक्षणाची पदविका घेतली आहे, त्याला जिल्हा परिषदेच्या साध्या शाळेत कधी शिकवता येईल का, की जन्मभर विशेष शाळाच? तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण खरा पेच त्यातच आहे. कर्णबधिर मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाच्या वर्गात उद्या अंध मुलगी आली तर तो काय करणार?

तिन्ही प्रश्नांची गाठ एकच आहे. आपल्याकडे विशेष शिक्षकाचे प्रशिक्षण अपंगत्वाच्या प्रकारानुसार होते आणि तो प्रकार, म्हणजे 'प्रवर्ग', त्याच्या प्रमाणपत्रावर छापलेला असतो. अनेकांना ही प्रवर्गांची भिंत जुनाट वाटते आणि ती पाडून सर्वांसाठी एकच अभ्यासक्रम करावा असे ते म्हणतात. माझे मत वेगळे आहे. प्रशिक्षण प्रवर्गानुसारच हवे. बिघाड आहे तो नेमणुकांत, कारण शिक्षक एका कामासाठी तयार होतो आणि त्याला बसवले जाते दुसऱ्याच कामावर. हे पटवून देण्याआधी दाखला देते कोण आणि त्यासाठी शिकावे काय लागते, हे पाहायला हवे.

२. दोन परिषदा, दोन वाटा

साध्या शाळेतल्या शिक्षकाचे प्रशिक्षण राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, अखत्यारीत येते. तिचा कायदा १९९३ चा. विशेष शिक्षकासाठी वेगळी संस्था आहे: भारतीय पुनर्वसन परिषद, जिला या क्षेत्रातले सगळे आरसीआय म्हणतात. ती १९८६ मध्ये नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झाली, १९९२ मध्ये संसदेने तिचा कायदा केला आणि १९९३ पासून ती वैधानिक झाली. तिच्याकडे सोळा प्रकारच्या व्यावसायिकांची नोंद होते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, श्रवणतज्ज्ञ, वाचोपचारतज्ज्ञ यांच्या रांगेत विशेष शिक्षकही उभा आहे. कायद्याने त्याला गुरुजींपेक्षा पुनर्वसनतज्ज्ञांच्या जवळ बसवले, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. मुंबईत १८८५ मध्ये कर्णबधिरांची शाळा निघाली, १९०२ मध्ये अंधांसाठी व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा, १९४४ मध्ये बौद्धिक अक्षम मुलांसाठी जय वकील शाळा. या शाळा मिशनरी, दानशूर कुटुंबे आणि विश्वस्त संस्था यांनी उभ्या केल्या. शिक्षण खात्याने त्यांच्याकडे बराच काळ धर्मादाय काम म्हणूनच पाहिले. महाराष्ट्रात आजही विशेष शाळांचा कारभार शालेय शिक्षण विभागाकडे नाही. तो पूर्वी समाजकल्याण आणि सामाजिक न्याय खात्याकडे होता, २०२२ च्या अखेरीस स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाकडे गेला. शाळा दोन खात्यांत वाटल्या गेल्या, तसे शिक्षकही दोन परिषदांत.

आरसीआयचा मान्य अभ्यासक्रम पूर्ण केला की केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव घालावे लागते आणि नोंदणी क्रमांक मिळतो. कायद्याचे तेरावे कलम सांगते की या नोंदवहीत नाव नसलेल्या माणसाला पुनर्वसन व्यावसायिक म्हणून सरकारी नोकरी करता येणार नाही आणि खासगी व्यवसायही करता येणार नाही. मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (हजार रुपये १९९२ च्या भावाने ठरलेले आहेत आणि तिथेच राहिले आहेत.) नोंदणी कायमचीही नसते. ठराविक वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी मधल्या काळात मान्यताप्राप्त उजळणी वर्गांना, परिसंवादांना हजेरी लावून गुण जमवावे लागतात. साध्या बी.एड. शिक्षकाला अशी अट नाही. पहिल्या घरातल्या मुलीचा अर्ज बाद झाला तो याच कलमामुळे; तिच्या शांत स्वभावाची परीक्षा घेण्याची वेळच आली नाही.

३. प्रवर्ग कशासाठी?

विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतानाच श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, बहुविकलांगता अशा प्रवर्गांतून एक निवडावा लागतो. सगळे थोडे थोडे का शिकवत नाहीत? तीन उदाहरणे पाहू.

पहिले दृष्टिदोषाचे. ब्रेलमध्ये सहा टिंबांच्या मांडणीतून अक्षरे बनतात. भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली. आता 'विद्या' हा शब्द घ्या. देवनागरीत लिहिताना पहिली वेलांटी 'व'च्या आधी येते. ब्रेलमध्ये मात्रा उच्चाराच्या क्रमाने, अक्षरानंतर येते: आधी व, मग इ. पुढचे जोडाक्षर त्याहून वेगळे. हलन्ताची खूण द आणि य यांच्या मध्ये येत नाही, ती दोघांच्या आधी येते. शिवाय हाताने ब्रेल पाटीवर लिहायचे तर कागदाला मागून टोचे मारायचे असतात, म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि वाचायचे कागद उलटून डावीकडून उजवीकडे. मुलीने 'विद्या' चुकीचे लिहिले तर चूक शुद्धलेखनाची आहे, हलन्ताच्या जागेची आहे की उलट्या हाताची, हे शिक्षकाला बोट फिरवताच कळायला हवे. हे पुस्तक वाचून येत नाही, महिनोन्महिन्यांच्या सरावाने येते. त्यात पांढऱ्या काठीने चालणे शिकवायचे, टेलर पाटीवर आणि अबॅकसवर गणित शिकवायचे, हे सगळे अजून बाकीच आहे.

दुसरे श्रवणदोषाचे. ऐकू येणे म्हणजे एक तर येते किंवा येत नाही, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात अनेक मुलांना खालच्या पट्टीतले आवाज येतात आणि वरच्या पट्टीतले येत नाहीत. स्वरांची ताकद खालच्या पट्टीत असते, 'स'ची सळसळ वरच्या. अशा मुलाला 'सात' हा शब्द 'आत' ऐकू येतो आणि 'बस' नुसते 'ब'. श्रुतलेखनात तो वारंवार 'स' गाळतो, वर्गशिक्षिका लाल शाईने गोल करत राहतात आणि घरी 'अभ्यासात लक्ष नाही' असा निरोप जातो. प्रशिक्षित शिक्षक आधी श्रवण-आलेख काढून बघतो. रोज सकाळी मुलाच्या मागे उभा राहून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी म्हणतो आणि मुलगा कोणते ऐकतो ते टिपतो. मिनिटभराचे काम, पण श्रवणयंत्राची बॅटरी उतरली आहे का, कानातला साचा सैल झाला आहे का, हे त्यातून धडा सुरू होण्याआधीच कळते.

तिसरे बौद्धिक अक्षमतेचे. इथे यंत्र नाही, वेगळी लिपी नाही, म्हणून हा प्रवर्ग सोपा वाटतो. माझ्या मते तोच सर्वांत अवघड आहे. शर्टाचे बटण लावणे ही आपल्याला एक कृती वाटते. शिक्षक तिचे तुकडे करतो: काज शोधणे, बटण चिमटीत धरणे, काजातून अर्धे आत सारणे, दुसऱ्या हाताने पलीकडून पकडणे, ओढून घेणे. आणि शिकवायला सुरुवात शेवटच्या तुकड्यापासून करतो. पहिली चार कामे स्वतः करून देतो, मुलाने फक्त ओढायचे. म्हणजे पहिल्याच दिवशी बटण मुलाच्या हाताने लागते. ते जमले की शेवटची दोन कामे त्याची, मग तीन. कोणत्या मुलाला किती तुकडे लागतील, कोणता तुकडा किती दिवसांत जमायला हवा आणि जमला नाही तर काय बदलायचे, हे त्या मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक योजनेत लिहिलेले असते. अशी योजना लिहिणे हे या प्रवर्गाच्या प्रशिक्षणाचे हृदय आहे.

तिन्ही कामे शेजारी ठेवली की कळते, त्यांत समान धागा आहे तो मुलाचे निरीक्षण, उद्दिष्टाची मांडणी आणि पालकांशी संवाद एवढाच. हातातले कसब वेगवेगळे. तबलजी आणि पेटीवाला दोघेही साथीला बसतात, दोघांनाही ताल आणि गायकाचा स्वभाव कळतो; पण तबलजी आला नाही म्हणून पेटीवाल्याला डग्ग्यावर बसवायचे कोणी मनात आणत नाही.

४. बारावीनंतर की पदवीनंतर?

वाटा मुख्यतः दोन. बारावीला ५० टक्के गुण असतील (राखीव गटांना सवलत आहे) तर दोन वर्षांची डी.एड. विशेष शिक्षण ही पदविका घेता येते. तिची परीक्षा राष्ट्रीय पातळीवरचे पुनर्वसन परीक्षा मंडळ घेते. पदवीनंतर बी.एड. विशेष शिक्षण, जी विद्यापीठ देते. ही पूर्वी एका वर्षाची होती. २०१५ मध्ये साध्या बी.एड.बरोबरच तीही दोन वर्षांची झाली. नोकरी करणाऱ्यांसाठी मुक्त विद्यापीठांचा दूरशिक्षणाचा मार्गही आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणदोषाच्या क्षेत्रात काम करते; सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था बौद्धिक अक्षमतेसाठी, देहरादूनची दृष्टिदोषासाठी.

२०१५ च्या बी.एड. अभ्यासक्रमाची मांडणी जरा निरखून पाहण्यासारखी आहे. त्यात बालविकास आणि शालेय विषयांची अध्यापन पद्धती साध्या बी.एड.सारखीच आहे. मग सगळ्याच अपंगत्वांची तोंडओळख करून देणारा भाग येतो. त्यानंतर स्वतःचा प्रवर्ग, खोलात जाऊन. आणि या सगळ्याला जोडलेले शाळेतले प्रत्यक्ष काम, विशेष शाळेत आणि साध्या शाळेत, दोन्हीकडे. थोडक्यात, इतर प्रवर्गांची ओळख पटण्याइतके ज्ञान आणि आपल्या प्रवर्गाचे पूर्ण कसब. दुसऱ्या घरातल्या प्रश्नाचे उत्तर यामुळेच होकारार्थी आहे. एनसीटीईने २०१० मध्ये प्राथमिक शिक्षकांची किमान पात्रता ठरवली तेव्हा विशेष शिक्षणाची पदविका आणि पदवी तीत धरली. अट इतकीच की शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावे आणि नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा प्राथमिक शिक्षणाचा वर्ग करावा. विशेष शिक्षक सहा महिन्यांत साध्या वर्गाकडे वळू शकतो, साध्या शिक्षकाला मात्र विशेष वर्गाकडे यायला नवा अभ्यासक्रम करावा लागतो. हा पक्षपात नाही. एकाने दोन्ही विषय शिकलेले असतात, दुसऱ्याने एकच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. हीच शिक्षकाची किमान पदवी व्हावी असे म्हटले आहे, आणि दोन्ही परिषदांनी अभ्यासक्रम जुळवून घ्यावेत असेही. आत्ता बारावीत असलेल्या मुलाने प्रवेशापूर्वी त्या वर्षाची आरसीआयची सूचना आणि महाविद्यालयाची त्या प्रवर्गासाठीची मान्यता स्वतः तपासावी. मान्यता महाविद्यालयाला सरसकट मिळत नाही. ती अभ्यासक्रमागणिक आणि मुदतीपुरती असते.

५. 'माया हवी, पदवी कशाला?'

हा आक्षेप सर्वांत जुना आहे आणि त्याला हसण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी विशेष शाळा पालकांनीच काढल्या. त्यांच्याकडे कोणतीही पदविका नव्हती आणि त्यांनी जे उभे केले ते पदवीधरांना जमले नसते. पण त्या पालकांनी शाळा उभ्या राहताच काय केले, ते पाहा: प्रशिक्षित शिक्षक शोधले आणि ते मिळेनात तेव्हा प्रशिक्षणाची महाविद्यालये काढली. स्वतःच्या मुलावर जिवापाड माया असलेल्या माणसांनाच मायेची मर्यादा सर्वांत आधी कळली. 'स' ऐकू न येणाऱ्या मुलाच्या वर्गशिक्षिकेतही माया असते. तिच्याकडे श्रवण-आलेख वाचण्याची विद्या नसते, आणि म्हणून लाल गोल वाढत जातात.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि त्याला वजन आहे. शिक्षक कमी, मुले फार. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. दोन वर्षांच्या पदविका कुठवर पुरणार, त्यापेक्षा असलेल्या शिक्षकांनाच थोडक्यात शिकवून घ्यावे. हा प्रयोग झालेला आहे. मध्य प्रदेशातल्या भोज मुक्त विद्यापीठाने आरसीआयच्या मान्यतेने नव्वद दिवसांचा पायाभूत अभ्यासक्रम चालवला आणि त्यातून अनेक कार्यरत शिक्षक गेले. असा अभ्यासक्रम निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. नव्वद दिवसांत वर्गशिक्षिका मुलाची अडचण ओळखायला शिकते, त्याला पुढच्या बाकावर बसवते, फळ्याकडे तोंड करून बोलत नाही, योग्य माणसाला बोलावते. साध्या शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला एवढे यायलाच हवे. गल्लत होते ती पुढे. शिक्षक 'प्रशिक्षित' म्हणून कागदावर दिसला की जागा भरली असे मानले जाते, आणि ज्याला बोलावायचे तो माणूस येतच नाही.

६. केंद्रात एक शिक्षक, प्रवर्ग चार

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस झाले. ६ ते १८ वयाच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क या कायद्याने दिला. एकवीस हा आकडा दाखवून काही जण म्हणतात, आता प्रवर्ग कसले सांभाळता, एकवीस प्रकारचे शिक्षक कुठून आणणार? पण यादी नीट वाचली तर थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, बुटकेपणा, आम्लहल्ल्याने आलेले व्यंग यांसाठी शाळेला लागतात त्या इतर सोयी: हजेरीत सवलत, औषधोपचाराची जाण, चिडवण्यापासून संरक्षण. अध्यापनाची पद्धतच बदलावी लागते असे गट चार-पाचच उरतात.

मुले साध्या शाळेत आली, शिक्षक मात्र तुटपुंज्या मानधनावर कंत्राटी राहिले. त्यांच्यापैकी काहींनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि रजनीशकुमार पांडे प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये निकाल आला. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्रमाण ठरवले: पहिली ते पाचवीत दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, सहावी ते आठवीत पंधरांमागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पदे मंजूर करून जाहीर करण्यास पुन्हा बजावले. त्याआधी २०२४ मध्ये महाराष्ट्राने केंद्रशाळांच्या पातळीवर ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला होता, म्हणजे एका केंद्राला, जवळपासच्या शाळांच्या एका गटाला, एक.

या निर्णयाने कंत्राटी शिक्षकांना आधार मिळाला, आणि ते मोठे काम झाले. तरी आकडेमोड करून पाहू. समजा, एका केंद्रात बारा शाळा आहेत आणि प्राथमिक वर्गांत सव्वीस दिव्यांग मुले: चौदा बौद्धिक किंवा अध्ययन अक्षम, सहा कर्णबधिर, दोन अंध किंवा अल्पदृष्टी, चार सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांग. नियमाने तीन शिक्षक हवेत, मिळतो एक. बारा शाळांना सहा दिवस, म्हणून प्रत्येक शाळेत तो पंधरवड्यातून एकदा पोचतो. त्यातही तो श्रवणदोषाचा पदवीधर असेल तर सव्वीसपैकी वीस मुलांसाठी त्याच्याकडे ओळखीपुरतेच ज्ञान आहे. शेजारच्या केंद्रातही योगायोगाने श्रवणदोषाचाच शिक्षक असेल तर दोन्हीकडच्या अंध मुली ब्रेलशिवाय राहणार. संख्या वाढवणे आवश्यक आहेच. पण संख्या न वाढवताही एक गोष्ट करता येते. नेमणूक केंद्राची न धरता तालुक्याची धरायची. अशी दहा केंद्रे असलेल्या तालुक्यात दहा शिक्षक मिळतील. त्यांत पाच बौद्धिक अक्षमतेचे, दोन श्रवणदोषाचे, एक दृष्टिदोषाचा आणि दोन बहुविकलांगतेचे घेतले, तर तालुक्यातल्या वीस अंध-अल्पदृष्टी मुलांपाशी दृष्टिदोषाचा शिक्षक रोज तीन-चार जणांच्या हिशेबाने आठवड्यातून एकदा पोचतो. आज त्यांच्यापैकी बहुतेकांना तो भेटण्याची शक्यताच नाही.

यावर प्रवासाचा आक्षेप येईल. पावसाळ्यात भोरच्या किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरी भागात तालुकाभर फिरणे म्हणजे काय, हे कागदावर कळत नाही. आक्षेप खरा आहे आणि प्रवासभत्ता नीट न देता ही योजना राबवली तर ती पहिल्या पावसातच बुडेल. दुसरा आक्षेप असा की आठवड्यातून एकदा येणारा माणूस रोजचे काम कसे करणार? तो करणारही नाही. सहा ध्वनींची रोजची चाचणी वर्गशिक्षिकेनेच घ्यायची, आणि नव्वद दिवसांच्या अभ्यासक्रमाचा खरा उपयोग इथे आहे. विशेष शिक्षकाने योजना लिहायची, वर्गशिक्षिकेने ती चालवायची, पुढच्या भेटीत त्याने तपासायची.

७. दाखल्याच्या बाहेर राहिलेले

प्रवर्गाच्या बाजूने एवढे बोलल्यावर या व्यवस्थेतला एक दोष सांगायलाच हवा. भारतीय सांकेतिक भाषा सर्वांत अस्खलित कोणाला येते? कर्णबधिर माणसांना. आणि बारावीच्या ५० टक्क्यांची अट सर्वांत जास्त कोणाला अडवते? त्यांनाच, कारण त्यांच्यापैकी अनेकांचे शालेय शिक्षण ज्यांना ती भाषा येत नव्हती अशा शिक्षकांकडे झाले. ओठ वाचायला आणि बोलायला शिकवणे म्हणजेच कर्णबधिरांचे शिक्षण, हा विचार १८८० च्या मिलान परिषदेपासून जगभर रुजला आणि आपल्या प्रशिक्षणातही सांकेतिक भाषेला दीर्घकाळ दुय्यम जागा मिळाली. दिल्लीला २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. या भाषेच्या अध्यापनाची जी पदविका आरसीआयने मान्य केली आहे, ती कर्णबधिर उमेदवारांसाठीच आहे. २०१६ च्या कायद्याचे सतरावे कलम सांकेतिक भाषा आणि ब्रेल जाणणाऱ्या दिव्यांग शिक्षकांना तयार करण्याची आणि नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकते. पदविका आहे, कलम आहे. तालुक्याच्या वर मांडलेल्या दहा जणांच्या गटात अकरावी जागा अशा शिक्षकासाठी मंजूर करायला कायद्याची आडकाठी नाही. आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, ते पद दाखवावे लागेल, इतकेच.